बंदूक टेकवायला माणसाचा खांदा

माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवून बार काढणारा माणूस मी पाहिला आहे. तो आमच्या घरचा जावई होता, म्हणजे माझ्या नणंदेचा नवरा. आणि तो खांदा माझ्या नवऱ्याचा होता. शेजारी लाकडाची चांगली तिपाई उभी असताना हे घडलं. ती तिपाई मी माझ्या हातांनी केली होती, म्हणून हे सगळं मला नीट सांगता येतं. आणि सांगताना राग येतो. म्हातारपणी राग निवतो म्हणतात, माझा निवला नाही.

माझं माहेर रावेरकडचं, सातपुड्याच्या पायथ्याचं. आमची केळीची बाग होती आणि बागेत रानडुकरं शिरायची. डुकराला घड नको असतो, त्याला खालचा कंद हवा असतो. नाकाड खुपसून ते झाड मुळापासून उलथवतं, आणि सकाळी जाऊन पाहावं तर उभी ओळ आडवी. म्हणून माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक घेतली होती. पण नानांचं डावं मनगट मोटेच्या दोरात सापडून मोडलेलं होतं आणि वाकडंच जुळलं होतं. बंदुकीचं पुढचं वजन त्या हाताला पेलत नसे. नेम धरला की नळी हळूहळू खाली जायची. त्यामुळे बंदूक कशावर टेकवायची हा आमच्या घरात रोजचा विषय होता, दुसऱ्या घरी भाजी कसली करायची हा असावा तसा.

पहिल्यांदा त्यांनी बोरीचं बेचकं आणून बांधावर गाडलं. ते पक्कं होतं, हलत नव्हतं, पण डुक्कर काही बेचक्यासमोर येऊन उभं राहत नाही. मग तापीची वाळू भरून पिशवी शिवली. पिशवी छान बसायची, बंदूक तिच्यात रुतून राहायची, पण दवानं भिजली की उचलवत नसे. मी सुचवलं की वाळूऐवजी सरकी भरू. सरकीची पिशवी हलकी झाली आणि बंदुकीचा आकारही धरू लागली. महिनाभर आम्ही खूश होतो. मग उंदरांनी ती फोडली आणि सरकी खाऊन टाकली.

शेवटी नानांनी दोन काठ्यांची कैची केली. दोन काठ्या वरच्या टोकाशी चामड्याच्या वादीनं बांधायच्या, पाय फाकवायचे, आणि वर जो खाचा होतो त्यात बंदूक ठेवायची. आपण जिकडे जाऊ तिकडे ती बरोबर येते. नानांनी आधी साधा पोकळ बांबू घेतला होता. तो दाबाखाली करकरायचा, आणि तेवढ्या आवाजानं डुक्कर पळायचं. मग डोंगरातून मानवेल आणला. मानवेल आतून भरीव असतो. थंडीत तोडायचा, सावलीत वाळवायचा, वाकला असेल तर जाळावर शेकून सरळ करायचा आणि जवसाचं तेल चोळायचं. खाचेला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळायचा, म्हणजे लाकडावर लाकूड वाजत नाही. आणि टेकवायचं ते बंदुकीचं लाकूड, नळी नाही. नळी टेकवली की बार वर जातो.

मी तेव्हा लग्नाला आलेली होते. नाना मला बरोबर नेत, आणि मनगट फार दुखत असलं की बंदूक माझ्या हातात देत. एकदा दिवस मावळता मावळता कैचीवर बंदूक ठेवून मी एक डुक्कर पाडलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. नाना मात्र सगळ्या आळीला सांगत फिरले. तेव्हाचं त्यांचं एक बोलणं लक्षात आहे. मी विचारलं होतं, "नाना, दुसऱ्या मानसाच्या खांद्यावर ठेवली तर?"

"नाही," ते म्हणाले. "मानूस श्वास घेते, लाकूड घेत नाही. अन् नळीच्या तोंडाशी कोनाचा कान असू नये."

एवढं साधं. माझ्या शाळा न शिकलेल्या आईलाही ते कळलं असतं.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती तेव्हा माझं लग्न झालं. सासर धुळ्याकडचं, नरडाण्याच्या स्टेशनापासून बैलगाडीनं जाण्यासारखं. कोरडवाहू काळी जमीन, ज्वारी, कापूस, हरभरा. डोंगर नाही, केळी नाही, डुकरंही क्वचित. तिथे हरणं होती. हिवाळ्यात हरभऱ्याचे शेंडे खायला कळप यायचे. माझे यजमान स्वभावानं अगदी मऊ. हरणांना ते हाकलायचे तेसुद्धा हळू आवाजात.

जावईबापू धुळ्याचे. जिनिंगचा कारखाना, मोठं घर, लष्करातून विकायला काढलेली जीप. इंग्रज गेले तेव्हा कुणा गोऱ्या साहेबाची विलायती रायफल त्यांनी विकत घेतली होती आणि साहेबाची टोपीही. ते आले की घरात दिवाळी. सासूबाई पहाटेपासून चुलीशी, सासरे अंगणात उभे, आणि माझे यजमान त्यांच्या मागे मागे, पाण्याचा तांब्या घेऊन. जावयाचा मान ठेवायचा असतो हे मलाही कळत होतं. आमच्या घरी त्याचं काय झालं होतं ते सांगते. जावईबापू ओसरीवर बसून पाय पुढे करायचे आणि माझा नवरा त्यांच्या बुटांची नाडी सोडायचा. शेती पाहणारा, चार माणसांत बसणारा माणूस. मी आतून पाहायचे आणि हातातली परात आपटायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांचा निरोप आला की काळवीट मारायला येतो. यजमान मला म्हणाले, "तुझ्या माहेरी ते काठ्यांचं करतात ना, तसं काही दाजींसाठी करशील? मागच्या खेपेला त्यांचे नेम चुकले. फार चिडले होते."

मला खरंच आनंद झाला. सासरी कुणी माझ्या माहेरची विद्या पहिल्यांदाच मागितली होती. जावईबापू अंगानं जड आणि उंच. ते मातीत बसायचे नाहीत, धोतराला डाग लागेल म्हणून. उभ्यानंच मारायचे. उभ्याच्या उंचीची कैची पुढे-मागे डुलते, म्हणून तीन पायांची तिपाई करायचं ठरवलं. नरडाण्याकडे मानवेल कुठला? बाभूळ पाहिली, ती जड आणि वाकडी. निंबाची फांदी सरळ मिळाली, पण वाळताना चिरली. शेवटी दिवाळीला माहेरी गेले तेव्हा नानांकडून मानवेलाच्या तीन काठ्या आणल्या. रावेरहून भुसावळ, तिथे गाडी बदलून नरडाणा, आणि सगळी वाट त्या काठ्या लोकांच्या पायात. जावईबापूंची उंची मला ठाऊक होती, ते दारात उभे राहिले की त्यांची काख दाराच्या वरच्या कडीशी यायची. त्या मापानं काठ्या कापल्या. पाय टोकदार केले, काळ्या मातीत रुतावेत म्हणून. वर खणाच्या कापडाची पिशवी शिवून तिच्यात घट्ट सरकी भरली. उंदीर लागू नयेत म्हणून ती खुंटीला टांगून ठेवली. यजमानांनी अंगणात तिपाई उभी करून तिच्यावर मुसळ ठेवून पाहिलं. मुसळ जागचं हललं नाही. आम्ही दोघं हसलो. आमच्या संसारातली ती फार चांगली संध्याकाळ होती.

जावईबापू आले त्या दिवशी मी वेचणीला कापसात होते, बायांबरोबर. शेजारचंच शेत हरभऱ्याचं. सकाळचं ऊन नुकतं चढत होतं. जीप बांधाशी थांबली. जावईबापू उतरले, मागून यजमान रायफल आणि तिपाई घेऊन. कळप हरभऱ्याच्या पार पलीकडच्या टोकाला होता, त्यात एक मोठा काळवीट. यजमानांनी तिपाई उभी केली, पाय दाबून बसवले, आणि अदबीनं बाजूला झाले.

जावईबापूंनी तिपाईकडे पाहिलं. "हे काय? धुणं वाळत घालायचं आहे का?"

"दाजी, हिनं केलीय. माहेरी त्यांच्याकडे..."

"बाईनं केलेल्या घोडीवर मी रायफल ठेवू?" त्यांनी पायानं तिपाई ढकलली. ती आडवी पडली. "इकडे ये. असा पुढे उभा राहा. पाठ माझ्याकडे कर."

मी कापसाच्या ओळीतून हे ऐकत होते. ते काय करणार हे मला आधी कळलंच नाही, इतकं ते माझ्या डोक्यात बसणारं नव्हतं. मग यजमान पाठ करून उभे राहिले आणि जावईबापूंनी रायफल त्यांच्या उजव्या खांद्यावर ठेवली. नळी कानाच्या जरा पुढे. यजमानांनी मान डावीकडे वाकवली आणि डोळे मिटले. एखाद्या पोरानं मार खाण्याआधी मिटावेत तसे.

मी ओरडले. ओटीतला कापूस टाकून धावले आणि ओरडले, "अहो, बाजूला व्हा! कान जाईल! जावईबापू, नका!"

काळविटानं मान वर केली. जावईबापूंनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. बार निघाला.

यजमान खाली बसले. पडले नाहीत, बसले, दोन्ही हात उजव्या कानावर. कळप उधळला होता. गोळी कुणालाच लागली नव्हती. जावईबापू कळपाकडे पाहत होते, पायाशी बसलेल्या माणसाकडे नाही. मी पोचले तेव्हा यजमानांच्या बोटांतून रक्ताची बारीक धार येत होती. मी काही तरी बोलत होते. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"काय म्हनी ऱ्हायनी तू?" ते म्हणाले, फार मोठ्यानं. "माले ऐकाले येस नही."

जावईबापू म्हणाले, "कानात कापूस घाला, वहिनी. उतरेल संध्याकाळपर्यंत. इथे कापसाला काय तोटा?" आणि हसले. मग त्यांचा चेहरा बदलला. "तुम्ही ओरडला नसता तर तो काळवीट आज पडला होता."

घरी आल्यावर सासूबाईंनी लसणाचं कोमट तेल कानात घातलं. यजमान भिंतीला टेकून बसले होते, त्यांना गरगरत होतं. ओसरीवर जावईबापूंसाठी पाट मांडलेला होता. मी म्हटलं, "मी वाढणार नाही त्यांना."

सासूबाईंनी माझा दंड धरला. "जवाई शे तो घरना. त्याले काही बोलानं नही. आते उगी ऱ्हाय."

"तुमच्या मुलाच्या कानातून रक्त येतंय."

"दखाई ऱ्हायनं माले," त्या म्हणाल्या. दिसत त्यांनाही होतंच. त्यांचे डोळे भरलेले होते आणि हात माझ्या दंडावर तसाच घट्ट होता. त्यांनी स्वतः उठून जावयाला वाढलं, आग्रह करून, तूप ओतून. मुलाचा कान फोडणाऱ्याला आग्रह करून जेवू घालणारी आई मी त्या दिवशी पाहिली. त्यांची मला कीव यायला हवी होती. नाही आली.

धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाचा पडदा फाटला आहे आणि आतलंही काही गेलं आहे. उजव्या कानानं यजमानांना नंतर कधीच ऐकू आलं नाही. त्याऐवजी त्या कानात एक शिट्टी राहिली, दिवसरात्र वाजणारी. झोपेत ते कानावर उशी दाबायचे.

यापेक्षा वाईट पुढे झालं. जावईबापूंनी नात्यागोत्यात सांगितलं की वहिनी किंचाळल्या, त्यामुळे तो दचकून हलला, आणि म्हणून लागलं. लग्नकार्यात बाया माझ्याकडे बोट दाखवून बोलायच्या. मी यजमानांना म्हटलं, तुम्ही सांगा लोकांना, तुम्ही हलला होता का? ते म्हणाले, "असेल हललो. आता काय करायचं बोलून?" आणि हसले, ते मऊ हसू. कान जावयानं नेला त्याचा राग मी समजू शकते. पण त्या हसण्याचा मला जितका राग आला तितका जावयाचाही आला नव्हता. मी त्यांच्याशी किती दिवस धड बोलले नाही.

नानांना कळलं तेव्हा ते आले. मला वाटलं, आता माझा बाप ओसरीवर उभा राहून विचारेल. ते बसले, चहा घेतला, माझ्या यजमानांच्या डोक्यावरून हात फिरवला, सासऱ्यांशी कापसाच्या पिकाबद्दल बोलले. निघताना मी त्यांना बैलगाडीशी गाठलं. "नाना, एक शब्द नाही बोललात?"

"मुलीचा बाप हाये मी," ते म्हणाले.

"मग मुलीला बंदूक कशाला शिकवली?"

ते गाडीत चढले. मी वाट पाहत उभी राहिले, की निदान मागे वळून बघतील. तेही नाही.

पुढच्या हिवाळ्यात जावईबापू पुन्हा आले. खरंच आले. तीच जीप, तीच रायफल. यंदा दोन मित्र बरोबर होते, आणि नणंदही होती. अंगणात बाज टाकली, चहा झाला. सासरे, सासूबाई, शेजारचे दोघं-तिघं उभे होते. जावईबापू उठले, रायफल घेतली आणि यजमानांच्या पाठीवर थाप मारून मित्रांना म्हणाले, "आमची तिपाई ही. चालती-बोलती." मग यजमानांच्या डाव्या बाजूला येऊन, त्यांना ऐकू जावं म्हणून, म्हणाले, "चल रे. डावा खांदा आहे ना अजून."

मित्र हसले. यजमान उठले. मी दारातून पाहिलं, ते उठले आणि चपला घालू लागले.

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि अंगणात उतरले. पुरुषांसमोर अशी मी कधी गेले नव्हते. जावईबापूंच्या समोर जाऊन मी पाठ केली आणि उभी राहिले.

"काय चाललंय हे?" ते म्हणाले.

"यांचा एक कान गेला. दुसरा मला पाहिजे आहे," मी म्हटलं. "ठेवा बंदूक. माझ्या खांद्यावर ठेवा. मी हलायची नाही."

सूनबाईच्या खांद्यावर हात कुठला, पदराला बोट लावायची सोय नव्हती कुणा पाहुण्याला. मी पाठमोरीच उभी होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. पण मला यजमानांचा दिसत होता. ते एक चप्पल घातलेले, एक हातात धरलेले, माझ्याकडे पाहत होते.

"वहिनींना आत घ्या," जावईबापू सासऱ्यांना म्हणाले. आवाज चिरकला होता.

"ठेवा ना," मी म्हटलं. "पुरुषाचा चालतो, मग बाईचा का नाही? माझं लाकूडच तर तुम्हाला नको होतं."

सासूबाई माझ्याकडे धावल्या. "तू बठ्ठा घरनी लाज काढी!" त्यांनी मला ओढलं. मी हलले नाही. तेव्हा यजमान पुढे आले. त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली आणि जावईबापूंना म्हणाले, नेहमीपेक्षा मोठ्यानं, कारण त्यांना स्वतःचा आवाज नीट कळत नसे, "दाजी, मी येत नाही. आज नाही अन् पुढेही नाही."

एवढंच. त्यांच्या तोंडून तेवढं निघायला वर्ष लागलं होतं, पण निघालं.

जावईबापू तोंड न धुता, जेवण न करता निघाले. जीपमध्ये बसताना नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आपला अपमान झाला असंच तिला वाटलं असेल, असं मी धरून चालले.

मग काय व्हायचं ते झालं. जावईबापूंनी बायकोचं माहेर बंद केलं. राखी नाही, दिवाळी नाही, बाळंतपण नाही. सासूबाई लेकीच्या आठवणीनं रडायच्या आणि रडता रडता मला ऐकवायच्या. मी ऐकून घेतलं नाही. म्हणायचे, तुमची लेक मी नाही अडवली, ज्यानं अडवली त्याला जाऊन सांगा. सासऱ्यांनी माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ताप आला तेव्हा पुन्हा घ्यायला लागले, न बोलता. त्यांनाही मी काही बोलले नाही, पण विसरलेही नाही.

नणंद आली ती सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात, धाकट्या मुलाला घेऊन, नवऱ्याला न विचारता. रात्रीचं जागरण करून सकाळी आम्ही दोघी विहिरीवर धुणं धुवत होतो. तिनं पातळ पिळता पिळता सांगितलं, "त्या दिवशी जीपमध्ये मला इतकं बरं वाटलं होतं वहिनी, की भीती वाटली. घरी गेल्यावर मला त्यांनी फार मारलं."

माझा हात थांबला. "माझ्यामुळे?"

"छे. आधीपण मारायचे." तिनं पातळ झटकलं. "तुम्ही फक्त अंगणात बोललात."

मला पुन्हा राग आला, आता नव्या जागी, आणि तो कुठे ठेवायचा ते कळेना. सासूबाई गेल्या, नणंद परत गेली. जाताना यजमानांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ती काही तरी बोलली. काय ते त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

जावईबापूंची शिकार पुढेही चालू होती, दुसऱ्यांच्या शेतात, दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर असेल. यजमानांशी बोलायचं तर मला घसा ताणून बोलावं लागायचं, जेवायला चला म्हणायलासुद्धा. नवी आलेली शेजारीण एकदा मला म्हणाली, "अक्का, तुम्ही भाऊंवर किती ओरडता हो. बिचारे एक शब्द उलट बोलत नाहीत." यजमानांचा डावा कान तिच्याकडे होता, त्यांनी ते ऐकलं आणि मान खाली घालून ताटातली भाकरी मोडत राहिले.